सगळं नवीन टाकलं, सर

मेडशी फाट्यावर माझं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, समोर कडुनिंब आणि कडुनिंबाखाली कायम एखादा उघडलेला ट्रॅक्टर. बावीस वर्षं मी इथं एकट्यानं काम करतो. अकोला-वाशिम रस्त्यावर कुणाची गाडी बंद पडली की लोक माझं गॅरेज दाखवतात, माझ्या हाताला यश आहे म्हणतात. त्याच हातानं मी एक काम असं केलं, की पुढचे साडेतीन महिने मला धड जेवण गेलं नाही.

गावात सर आणि बाई राहतात. नवरा-बायको, दोघंही निवृत्त शिक्षक. सरांनी आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवलं, बाईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल. मी दोघांचाही विद्यार्थी. सरांच्या हातचा मार खाल्लेला आणि बाईंच्या तासाला खिडकीतून रस्त्यावरचे ट्रक मोजत बसलेला. त्यांची दहा वर्षांची सात सीटर डिझेल गाडी पहिल्यापासून माझ्याकडेच येते. त्या गाडीनं सोयाबीनची पोती वाहिली, लग्नाची वऱ्हाडं नेली, एकदा तर पाय मोडलेली कालवडसुद्धा डॉक्टरकडे पोचवली.

मार्च महिन्यात एका सकाळी दोघं गॅरेजवर आले. सर म्हणाले, "गाडी पोर्तुगालले न्यायची हाये."

मला वाटलं पुण्याकडचं एखादं हॉटेल असेल. मी विचारलं, "कितीक दिवस थांबता तिकडं?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "अरे, देश हाये तो. शिकवला होता मी तुले. तीस वर्षं पोरांले सांगत आली, आशिया आन् युरोप मिळून जमीन एकच हाये, मधात समुद्र नाई. आता एकदा पाह्यचं हाये, आपल्या मेडशीचा रस्ता खरंच तिथवर जाते का."

सर गंमत करत नव्हते. त्यांनी घडी घातलेला कागद खिशातून काढला. नेपाळ, तिबेट, चीन, किरगिझस्तान, कझाकस्तान, रशिया, जॉर्जिया, तुर्कस्तान आणि पुढं युरोपातले देश, एकाखाली एक. माणसांसारखाच गाडीलाही एक पासपोर्ट लागतो आणि प्रत्येक देशाच्या नाक्यावर त्याच्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. मागच्या पानावर गाडीच्या कामांची यादी होती. सरांचं अक्षर फळ्यावर असायचं तसंच, एकही खाडाखोड नाही.

"जे जे लिहिलं ते सगळं नवीन टाकायचं," सर म्हणाले. "जुनं एक बी ठेवायचं नाई. तिकडं मी तुले कुठी शोधू?"

दीड महिना मी त्या गाडीवर काम केलं. ब्रेक, क्लच, चाकांची बेअरिंगं, रेडिएटर. मागची सीट काढून फळ्यांचा पलंग केला, त्याखाली गॅसच्या छोट्या शेगडीला जागा केली. बाई रोज संध्याकाळी येऊन पलंगावर आडव्या होऊन पाहायच्या. मला खरंच आनंद होत होता. आपण घट्ट केलेला बोल्ट एवढ्या लांब जाणार, हे मनात यायचं आणि पाना हातात हलका वाटायचा.

शेवटचं काम टायमिंग बेल्टचं होतं. इंजिनाच्या एका बाजूला झाकणाआड एक रबरी पट्टा फिरतो, तो सगळ्या हालचाली एका तालात ठेवतो. त्या पट्ट्याला ताण देणारी मुठीएवढी चाकी असते, तिला टेन्शनर म्हणतात. चाकी खराब झाली की पट्टा खाल्ला जातो, आणि पट्टा चालत्या गाडीत तुटला तर इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग उरतो लोखंडाचा ढीग. म्हणून पट्टा आणि चाकी दोन्ही एकदमच बदलतात. शिकाऊ माणसालाही हे माहीत असतं.

किट अकोल्याहून एसटीनं आलं. निघायचा दिवस अक्षय तृतीयेचा, आणि मी डबा उघडला त्याच्या दोन दिवस आधी. पट्टा बरोबर होता. टेन्शनर दुसऱ्याच मॉडेलचा. त्याचं भोक इंजिनावरच्या बोल्टाला बसेना. मी अकोल्याला फोन केला. दुकानदार म्हणाला, चार दिवस लागतील. सरांकडे चार दिवस नव्हते. चीनच्या सरहद्दीवर त्यांच्याबरोबर आणखी तीन गाड्या जायच्या होत्या, परवानगी सगळ्यांची मिळून एकच आणि तारीख ठरलेली. ती चुकली की वर्ष गेलं.

मी जुना टेन्शनर हातात घेऊन बोटानं फिरवला. किंचित कोरडा वाटला, पण डुगडुगत नव्हता. डिझेलनं धुतला, फडक्यानं पुसला, उन्हाकडे धरून पाहिला. नव्यासारखा दिसत होता. मी तो परत बसवला, वर नवा पट्टा चढवला आणि झाकण लावून टाकलं.

संध्याकाळी सर आले. त्यांनी यादी काढली आणि एकेक नाव वाचत गेले. टायमिंग बेल्टपाशी थांबून म्हणाले, "टेन्शनरसकट?"

"हाव सर. सगळं नवीन टाकलं."

सरांनी यादीवर खूण केली. मी हे का केलं, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं आहे. त्यांना सांगितलं असतं तर वाटेवरच्या नागपुरात अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण आदल्याच दिवशी ते चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाले होते, "माझ्या गाडीचं काम शहरात नाई झालं, मेडशीत झालं." ते ऐकल्यावर कुणा दुसऱ्यानं माझं झाकण उघडावं, हे मला सोसलं नसतं. एवढंच कारण होतं. याहून मोठं काही नव्हतं.

अक्षय तृतीयेच्या सकाळी अख्खं गाव रस्त्यावर आलं. गाडीला हार घातला, बोनेटवर हळदीकुंकू लावलं. शाळेच्या हेडमास्तरांनी भाषण केलं. मग सरांनी मला पुढं बोलावलं, माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि म्हणाले, "मी नुसता स्टेअरिंग धरणार. गाडी चालवणारा हा हाये." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाला घाम फुटला होता, पण मे महिन्याच्या उन्हात तो कुणाला दिसणार?

मालेगावपर्यंत आम्ही आठ-दहा जण मोटरसायकलींवर गाडीमागं गेलो. मी ठरवलं होतं की तिथं सांगायचं. गाडी थांबली, मी काचेजवळ गेलो. सरांनी काच खाली केली. बाई पलीकडून वाकून म्हणाल्या, "काय रे, रडून राह्यला का?"

मी म्हणालो, "टायरची हवा रोज पाहत जा सर."

गाडी कारंजाच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली. मी मोटरसायकलवर तसाच बसून राहिलो. सोबतचे लोक म्हणाले, चल, नाश्ता करू. मी नको म्हणालो.

बाईंनी एक ग्रुप केला होता, त्यात निम्मं गाव होतं. पहिले काही दिवस फोटो येत राहिले. जबलपूरच्या पुढचा ढाबा, नेपाळच्या नाक्यावरची ट्रकची रांग, काठमांडूत गाडीजवळ उभे सर. लोक फुलांची चित्रं टाकायचे. मी फोटो मोठा करून बोनेटची फट पाहायचो, गाडीखालच्या रस्त्यावर तेलाचा डाग दिसतो का पाहायचो. मग बाईंचा निरोप आला, उद्या चीनच्या हद्दीत शिरतोय, तिकडं आपलं व्हॉट्सॅप चालत नाही, तीन आठवडे काळजी करू नका.

त्या तीन आठवड्यांत एकही बातमी नव्हती.

माझं कामात लक्ष लागेना. जो तो ट्रॅक्टर पेरणीच्या आधी नीट करून घ्यायला आणत होता आणि मी प्रत्येक इंजिनाला कान लावून उभा राहायचो. दुरून एखादी गाडी आवाज करत आली तर पाना हातातून सुटायचा. टपरीवर कुणी म्हणालं, "सर आता पंधरा-सोळा हजार फुटांवर असतीन, तिथं हवाच नसते म्हणे," तर माझा चहा तसाच राहायचा. मी मनात हिशोब मांडायचो: इतके किलोमीटर झाले असतील, जुन्या चाकीनं आधी इतके काढले होते, म्हणजे आता इतके उरले. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं यायचं.

मंगरूळपीरला एका रोटाव्हेटरचं बेअरिंग आणायला गेलो होतो. काम झाल्यावर पाय आपोआप दर्ग्याकडे वळले. आमच्या भागात सगळेच जातात. तिथं बसलो, पण काही मागता येईना. काय मागणार? मी खोटं बोललो, ते कुणाला कळू नये, हे? थोडा वेळ बसून उठलो आणि बस पकडली.

बायकोनं शेवटी विचारलंच. जेवताना ताट पुढं सरकवलं तर ती म्हणाली, "तुमाले काय होऊन राह्यलं सांगा बरं. दवाखान्यात जाऊ का?"

मी सांगून टाकलं. ती भाकरीवर हात तसाच ठेवून बसली.

"बाई बी हायेत ना त्या गाडीत?" तिनं विचारलं.

"हायेत."

"मंग तुमी अजून सांगतलं काहून नाई?"

"फोन लागत नाई तिकडं."

"लागत होता तवा?"

ती म्हणाली, "ज्या दिवशी फोन लागन, त्या दिवशी पैले हे सांगायचं. नाईतर मी सांगीन."

निरोप जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला. आमच्याकडे पेरण्या सुरू होत्या. मी एका ट्रॅक्टरचा पंप उघडून बसलो होतो, त्याचा मालक कडुनिंबाखाली उभा राहून घाई करत होता. मोबाइल वाजला. ग्रुपवर नव्हे, फक्त मला, बाईंनी बोलून पाठवलेला निरोप होता.

"बाबू, आमी चीनमधून निंघालो, सोबतच्या गाड्या आपापल्या वाटेनं गेल्या. किरगिझस्तानात आलो, नारीन नावाचं गाव हाये. सगळं चांगलं हाये. फक्त दोन दिवसांपासून सकाळी गाडी सुरू केली की हा आवाज येऊन राह्यला. सर म्हणते थंडीमुळं असंन. ऐक जरा."

मग इंजिनाचा आवाज. सुरुवातीला खर्र, मग चिमणी ओरडावी तसं बारीक, मग परत खर्र. चार सेकंदांचा तो आवाज मी एकदाच ऐकला. दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काय झालं बे? चेहरा काहून उतरला?"

मी शेडच्या मागं गेलो आणि फोन लावला. बोटं तेलकट होती, दोनदा चुकीचा नंबर लागला. तिसऱ्यांदा बाईंनी उचलला.

"बाई, गाडी कुठी हाये आता?"

"हॉटेलसमोर. निंघूनच राह्यलो आमी. पुढं मोठा घाट हाये म्हणते."

"निंघू नका. गाडी बंद करा. चाबी काढून हातात घ्या."

"अरे पण..."

"आधी बंद करा बाई!" मी बाईंवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा.

इंजिनाचा आवाज थांबलेला मी ऐकला. मग सरांचा आवाज आला. "काहून रे? काय झालं?"

"सर, टेन्शनरचा आवाज हाये तो. गाडी एक किलोमीटर बी चालवू नका. पट्टा तुटन."

"टेन्शनर कसा आवाज करन? नवीन टाकला ना तू?"

शेडच्या मागं जुने टायर पडले होते. मी एका टायरवर बसलो.

"नाई टाकला सर. जुनाच हाये. किटमधला बसत नवता, दुसरा याले चार दिवस लागत होते. म्या जुना धुऊन बसवला. तुमाले खोटं सांगतलं."

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. कुणीतरी दुसऱ्याच भाषेत काही बोलत गेलं. मी दोनदा "सर" म्हणालो. मग फोन कट झाला.

अर्धा तास मी त्या टायरवरून हललो नाही. ट्रॅक्टरवाला येऊन गेला, शिव्या देऊन गेला. बायको घरून डबा घेऊन आली, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता शेजारच्या टायरवर बसली.

मग बाईंचा फोन आला. आवाज शांत होता, शाळेत नकाशा भिंतीला लावताना असायचा तसा. "आता काय करायचं ते सांग. बाकीचं मागून."

ते "बाकीचं मागून" मला पुढं कित्येक आठवडे ऐकू येत राहिलं.

मी पार्टचा नंबर पाठवला. त्या गाडीचं इंजिन मूळचं युरोपातलं, तेच इंजिन तिकडच्या दुसऱ्या गाड्यांतही बसवतात, त्यामुळं आशा होती. नारीनमध्ये पार्ट मिळाला नाही. हॉटेलवाल्या बाईनं ओळखीचा एक मेकॅनिक गाठून दिला. त्यानं राजधानीला, बिश्केकला फोन केला आणि किट दुसऱ्या दिवशी एका टॅक्सीवाल्याबरोबर येणार असं ठरलं. गाडी दोरी बांधून त्याच्या गॅरेजपर्यंत ओढत नेली. हे सगळं बाईच कळवत होत्या. सरांचं नाव घेऊन मी विचारलं तर म्हणाल्या, "ते नदीकाठी बसले हायेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. शेडमध्ये नेटवर्क धड नसतं म्हणून मी घराच्या गच्चीवर गेलो. ऊन मी म्हणत होतं. मला स्क्रीन दिसावी म्हणून बायकोनं माझ्या डोक्यावर छत्री धरली. पलीकडे बाईंनी फोन धरला होता, आणि फोनमध्ये बोनेट वर केलेली माझी गाडी. मी तिला माझी गाडीच म्हणतो.

तिथला मेकॅनिक माझ्याच वयाचा. फुटबॉलचा जुना शर्ट घातलेला, समोरचे दोन दात सोन्याचे. त्याला मराठी नाही, हिंदी नाही, मला त्याचं काही कळत नाही. बाई आपल्या इंग्रजीत काही सांगायला लागल्या तर त्यानं हातानं थांब म्हणून सांगितलं आणि कामाला लागला. मी झाकणाचे बोल्ट ज्या क्रमानं काढायचे ते बोटानं दाखवत होतो, पण तो माझ्याआधीच तिथं पोचत होता. त्याचा हात पाहून मला पहिल्यांदा थोडा श्वास घेता आला.

झाकण निघालं. त्यानं चाकी काढली, फोनजवळ आणून फिरवली. ती डुगडुगत होती. आतलं ग्रीस केव्हाच संपलं होतं. मग त्यानं पट्टा वर धरला. एका कडेनं तो उसवला होता, दोरे लोंबत होते. नव्या पट्ट्याची अर्धी रुंदी शिल्लक होती.

त्यानं पट्ट्याकडे बोट केलं, पट्ट्यावरची न पुसलेली छापील अक्षरं दाखवली, म्हणजे हा नवा. मग चाकीकडे बोट केलं आणि मान हलवली, म्हणजे ही जुनी. मग फोनकडे, थेट माझ्याकडे बोट केलं आणि भुवया वर केल्या.

मी मान डोलावली. हो, मीच.

तो रागावला नाही, हसलाही नाही. जिभेनं एकदाच "च्च" केलं आणि पाठ फिरवून नवा डबा उघडायला लागला. सरांनी दिलेल्या एकाही छडीनं मला तेवढं लागलं नव्हतं.

पुढचं काम नाजूक होतं. इंजिनावर खुणा असतात, त्या एकमेकींसमोर आल्या नाहीत तर गाडी सुरू करताच सगळं संपतं. त्यानं पट्टा चढवला, खुणा दाखवल्या. बरोबर वाटत होत्या, पण मला दिसत असलेलं चित्र थरथरत होतं. मी दोन बोटं वर करून हवेत गोल फिरवली, दोनदा हातानं फिरव आणि परत पाहा. त्याला घाई होती, त्यानं हात झटकला. मी पुन्हा दोन बोटं दाखवली. बायको छत्रीखालून ओरडली, "बाई, त्याले सांगा फिरव म्हणा!" बाईंनी काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानं पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवलं. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. या वेळी बाईंनी दुसरा हात आधाराला लावून फोन अगदी स्थिर धरला होता.

"सर," मी म्हणालो, "मारा स्टार्टर." सर तिथं आहेत की नाहीत, मला माहीत नव्हतं. पण गाडी सुरू झाली. आवाज साफ होता. मी बायकोकडे पाहिलं तर ती छत्री माझ्याऐवजी दुसरीकडेच धरून उभी होती, आणि आम्ही दोघंही घामानं निथळलो होतो.

त्यानंतर गाडी थांबली नाही. पण माझी भीती गेली असं झालं नाही. एकदा खोटं बोललेल्या माणसाला आपण खरं केलेल्या कामाचाही भरवसा वाटत नाही. क्लच मी नीट बसवला होता का? ब्रेकचा पाइप घट्ट केला होता का? कझाकस्तानचे सरळसोट रस्ते, जॉर्जियाचे डोंगर, इस्तंबूलचा तो पूल ज्याच्या एका टोकाला आशिया संपतो, सगळ्यांचे फोटो आले आणि प्रत्येक फोटोत मी गाडीखालचा रस्ता आधी पाहिला. सर ग्रुपवर लिहायचे, पण माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना लांबलचक माफीचा संदेश लिहिला. त्यांनी तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. बस.

टपरीवर लोक मला अजूनही शाबासकी देत होते. एकदा मी सगळ्यांसमोर सांगितलं की बाबांनो, असं असं झालं, मी लबाडी केली. ते हसले. त्यांना वाटलं मी नम्रपणा दाखवतो आहे.

ऑगस्टच्या मध्यावर बाईंचा व्हिडिओ आला. उंच कडा, खाली फेसाळलेला समुद्र, वाऱ्यानं बाईंचा पदर उडत होता. "रस्ता संपला रे पोरांनो," त्या म्हणत होत्या. "इथून पुढं नुसतं पाणी हाये. जाते आपला रस्ता इथवर." गाडी मागं धुळीनं माखलेली उभी होती. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, आणि जेवल्यावर लगेच मनात आलं, आता ते परत येणार.

ते दोघं विमानानं आले. गाडी जहाजातून यायला आणखी दोन महिने गेले. बाई येताच घरी भेटून गेल्या, बायकोला तिकडची चॉकलेटं दिली, माझ्याशी नेहमीसारखं बोलल्या. सर आले नाहीत. मी त्यांच्या घरावरून जायचं टाळत होतो.

सोयाबीनच्या मळण्या चालू असताना एका सकाळी ती गाडी शेडसमोर येऊन थांबली. सर एकटेच होते. उतरले, चष्मा पुसला, म्हणाले, "सर्व्हिसिंग करायची हाये."

मी खुर्ची पुसून दिली. ते बसले नाहीत. मी बोनेट उघडलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "सर, तुमी दुसरीकडं नेली असती तरी..."

"तुले सगळं माहीत नाई," सर म्हणाले. ते गाडीकडे पाहत बोलत होते. "तिबेटात एका दिवशी बाईले दम लागला. ओठ निळे पडले. बोलता येईना. सोबतच्या गाड्या पुढं गेल्या होत्या. जवळचा दवाखाना एकशे साठ किलोमीटर. मधात एक घर नाई, माणूस नाई. मी तिले ऑक्सिजनची नळी लावली आन् गाडी हाणली. जेवढी पळन तेवढी हाणली. त्या टेन्शनरवर."

माझ्या हातातला पाना मी बोनेटच्या कडेवर ठेवला. तो घसरून खाली पडला.

"बाईनं मले शपथ घातली होती, त्या पोराले हे सांगायचं नाई म्हणून," सर म्हणाले. "मी चार महिने नाई सांगतलं. पण मले ते जमत नाई. नारीनले तू फोनवर बोलला ना, तवा माझ्या डोळ्यासमोर तो रस्ता आला. पट्टा तिथंच तुटला असता तं? मी तिले घेऊन कुठी गेलो असतो?"

मी म्हणालो, "सर, मले मारा."

"मारून काय होते? तुले नववीत मारलं होतं तवा काय झालं?" ते हसले नाहीत. "मी तुले माफ केलं असं मी म्हणत नाई. मले अजून राग येते. पण नारीनले तू खरं सांगतलं नसतं तं आमी त्या घाटात असतो, हे बी मी इसरत नाई. दोन्ही गोष्टी हायेत. त्याचं गणित मले सुटत नाई."

मी खाली वाकून पाना उचलला. डोळ्यांत पाणी होतं, बोल्ट दिसेना.

"काय काय करायचं ते सांग," सर म्हणाले. "आन् जे काढशीन ते मले दाखवत जाय."

मी ऑइल फिल्टर काढला, त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवून पाहिला, नवा पाहिला, दोन्हींवरचे नंबर वाचले. मग एअर फिल्टर. मग ब्रेकचे पॅड. दुपार झाली तरी ते उभेच होते. रस्त्यानं जाणारे लोक सरांना नमस्कार करत होते, पोर्तुगालबद्दल विचारत होते. सर त्यांना हातानंच "नंतर" म्हणून सांगत होते.

टायमिंगचं झाकण उघडायची गरज नव्हती. तरी मी ते उघडलं. आत नारीनच्या त्या माणसानं बसवलेला पट्टा सरळ, नीट होता. झाकणाखाली अंधार होता म्हणून मी मोबाइलचा दिवा लावायला गेलो, तर सरांनी गाडीच्या खणातली हातबॅटरी काढली, माझ्या खांद्यावरून हात पुढं केला आणि तिचा झोत चाकीकडे धरला.

"दिसून राह्यलं का?" त्यांनी विचारलं.

"थोडं डावीकडं, सर," मी म्हणालो.